ताज्या कलमातील शेळ्या

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यातून एका तरुण पशुवैद्यक वाचिकेचे चार पानी पत्र आले आहे. त्याचा गोषवारा असा :

"सर, सादर नमस्कार. पशुवैद्यकशास्त्राच्या पदवीनंतर मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमव्हीएससी, म्हणजे पदव्युत्तर पदवी, केली. कासदाहाच्या जिवाणूंवर कोणती प्रतिजैविके चालतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. सध्या मी फिरत्या पशुवैद्यकीय पथकात कंत्राटी कामावर आहे. पुढे चार वाटा दिसतात. आपल्याच विद्यापीठात पीएच.डी. करावी, एका जैववैद्यकीय संस्थेत उंदरांवरील प्रतिकारशक्तीच्या प्रकल्पात जागा आहे ती घ्यावी, अमेरिकेला अर्ज करावा, की एमपीएससी देऊन पशुधन विकास अधिकारी व्हावे? घरी पाच एकर कोरडवाहू कपाशी आहे. लग्नाचे बोलणे सुरू आहे. बाबा म्हणतात, 'ढोरायची डाक्टर झाली, अन् आता ढोराले हातच नाई लावणार काय?' मी काय करावे?

ता. क. आमच्या सहा शेळ्यांपैकी दोघींनी महिन्याभरात गाभ टाकला. शेजारच्या दोन घरीही तसेच झाले. लोक म्हणतात, सरकीची ढेप (पेंड) बदलली म्हणून झाले. शेळ्यांचे सारे आई आणि वहिनी पाहतात. वहिनींना पाचवा महिना आहे. रक्ताचे नमुने काढून ठेवू का?"

नमस्कार.

तुमच्या चार वाटांकडे मी नंतर येतो. आधी आजच्या आज वहिनींना शेळ्यांपासून दूर करा. वार (गर्भाबरोबर पडणारा जार) उचलणे, दूध काढणे, गोठा झाडणे, करडांना पाजणे यांपैकी कोणतेही काम त्यांनी करू नये. इतर कोणी केले, तर हातमोजे आणि तोंडाला फडके असल्याशिवाय करू नये. शेळीचे दूध चांगले उकळल्यावाचून घरात कोणाच्याही पोटात जाऊ नये. शेळ्यांनी लागोपाठ गाभ टाकण्यामागे ब्रुसेला, क्लॅमिडिया, टॉक्सोप्लाझ्मा, क्यू तापाचा जंतू यांपैकी काहीही असू शकते. हे सगळे माणसापर्यंत पोहोचू शकतात आणि त्यांतील काही गरोदर स्त्रीला व तिच्या बाळाला विशेष घातक आहेत. वहिनींना तपासणाऱ्या डॉक्टरांना शेळ्यांची हकिकत स्पष्ट सांगा आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लेखी कळवा. हे सारे तुम्ही शिकलेल्या आहात, परीक्षेत लिहिलेलेही असेल. परंतु स्वतःच्या गोठ्यात शिरताना माणूस आपले डॉक्टरपण उंबऱ्याबाहेर ठेवतो, हे मी माझ्या घरच्या म्हशींवरून सांगतो.

आता मुख्य विषय. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पीएच.डी. कोठे करावी, किती वर्षे लागतील, किती पैसे मिळतील, घरचे काय म्हणतील, हे सारे चार पानांत आहे, पीएच.डी. कशाचा शोध घेण्यासाठी करायची, याबद्दल मात्र एक ओळही नाही. संशोधनाचा म्हणता येईल असा एकच प्रश्न तुम्ही विचारला आहे, आणि तो सही झाल्यानंतर, ताज्या कलमात. मी तुमच्या जागी असतो, तर पत्र उलटे धरून तेथून वाचायला सुरुवात केली असती.

आपल्याकडे एमव्हीएससीनंतर पीएच.डी. म्हणजे जिन्याची पुढची पायरी असा समज आहे. प्रत्यक्षात ही दोन निरनिराळी कामे आहेत. एमव्हीएससीच्या दोन वर्षांत बहुधा प्रश्न गाइडचा असतो, पद्धत विभागाची असते आणि हात तुमचे असतात. दुधाचे नमुने आणायचे, माध्यमावर जिवाणू वाढवायचे, त्यांवर प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवून भोवतीची वर्तुळे मोजायची आणि तक्ते करायचे, हे सारे तुम्ही केले आहे व त्यातून हाताला वळण लागते, ते लहान काम नव्हे. पीएच.डी.त प्रश्न तुम्हालाच शोधावा लागतो. त्याहून अवघड म्हणजे आपले आवडते उत्तर खोटे ठरू शकेल अशी मांडणी आपल्याच हाताने करावी लागते. गावकरी म्हणतात की दोष ढेपेचा. ते चूक असतील असे मी म्हणत नाही. बुरशी धरलेली ढेप खाऊन जनावरे आजारी पडल्याचे मी पाहिलेले आहे. परंतु तीच ढेप चारूनही ज्या घरी काही झाले नाही, अशी घरे गावात किती आहेत? ढेप न चारताही गाभ कोठे गेला का? गाभ टाकलेल्या शेळ्या एकाच बोकडाकडे नेल्या होत्या का, की एकाच बाजारातून आणलेली नवी शेळी या तिन्ही घरांच्या कळपांत मिसळली होती? हे प्रश्न विचारण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, आणि ते विचारल्याशिवाय कोणतेही यंत्र उपयोगी पडत नाही.

याच जातीचा एक जुना प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून गुरे उत्तरेकडे नेली की वाटेवरची स्थानिक गुरे तापाने फणफणत, तांबडी लघवी करत आणि मरत. दक्षिणेकडून आलेली गुरे मात्र धडधाकट दिसत. या आजाराला टेक्सास ताप म्हणत. गुरे पाळणारे लोक बोट दाखवत ते गोचिडांकडे, आणि शिकलेल्यांपैकी अनेकांना ते हास्यास्पद वाटे. थिओबाल्ड स्मिथ हे वैद्यकशास्त्राचे पदवीधर आणि एफ. एल. किलबोर्न हे पशुवैद्यक या दोघांनी १८८९ पासून वॉशिंग्टनजवळच्या सरकारी प्रक्षेत्रावर नुसती कुंपणे घालून हा वाद सोडवायला घेतला. एका आवारात त्यांनी गोचिडांसह दक्षिणेकडील गुरे आणि स्थानिक गुरे एकत्र ठेवली. दुसऱ्यात दक्षिणेकडील गुरांच्या अंगावरची गोचिडे हाताने वेचून काढली आणि मग ती गुरे स्थानिक गुरांत सोडली. तिसऱ्यात दक्षिणेकडील एकही जनावर नव्हते, केवळ गवतावर गोचिडे टाकलेली होती. पहिल्या आणि तिसऱ्या आवारात ताप आला, दुसऱ्यात आला नाही. पुढे प्रयोगशाळेत अंड्यांतून निघालेली गोचिडांची पिल्ले, ज्यांनी आयुष्यात आजारी गाय पाहिलीही नव्हती, तीही ताप देतात असे दिसले, म्हणजे जंतू आईकडून अंड्यांत उतरत होता. हा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले, ते त्यानंतर चार वर्षांनी.

हा प्रयोग मला आवडतो तो त्यातल्या दुसऱ्या आवारामुळे. पहिल्या आवारावर थांबणे सोपे होते, कारण जे म्हणायचे होते ते तेवढ्यात सिद्ध झाल्यासारखे दिसत होते. उन्हात उभे राहून शेकडो गोचिडे एकेक करून वेचण्याचा कंटाळवाणा खटाटोप ज्याला करावासा वाटतो, त्याने पीएच.डी. करावी. तुमच्या ढेपेच्या प्रश्नातील दुसरे आवार कोणते, हे तुम्हाला एका कागदावर लिहिता आले, तर तुमच्या निम्म्या शंका तेथेच मिटतील.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्यावर आधीच्या विद्यार्थ्याने अर्धवट सोडलेला विषय मी कोणताही प्रश्न न विचारता उचलला आणि दीड वर्ष गावोगाव फिरून सीरमचे, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या निवळीचे, नमुने गोळा केले. मे महिन्यातील एका शनिवारी दुपारी वीज गेली, जनरेटर चालू करायला कोणी नव्हते आणि सोमवारी सकाळी फ्रीझर उघडला तेव्हा नळ्यांत कोमट पाणी होते. नमुने गेल्याचे दुःख मला झाले, परंतु त्या नमुन्यांवाचून आपल्याला नेमके काय कळणार नाही, हे मात्र मला सांगता येईना, आणि ते अधिक लाजिरवाणे होते.

म्हणून गाइडची निवड हा तुमच्या निर्णयाचा गाभा आहे, संस्थेची पाटी त्यानंतर येते. नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून आहे, अकोल्याला पदव्युत्तर संस्था आहे, आणि इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचे नाव सर्वांना ठाऊक आहे. (ती संस्था १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली होती, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.) यांपैकी प्रत्येक ठिकाणी उत्तम गाइड सापडतील, आणि ज्यांच्याकडे विद्यार्थी सात-सात वर्षे अडकून पडले आहेत असेही सापडतील. प्रवेश घेण्याआधी त्या प्रयोगशाळेत चार दिवस जाऊन बसा, आणि गाइडशी बोलण्यापूर्वी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोला, तेही चहाच्या टपरीवर, विभागात नव्हे. लिहिलेले प्रकरण सरांकडून किती दिवसांनी परत येते, आधीचे पाच विद्यार्थी आज कोठे आहेत, शोधनिबंधावर पहिले नाव कोणाचे लागते, चालू प्रकल्पाचा निधी कोणत्या वर्षापर्यंत आहे, रसायने संपली तर महिनाभर हात बांधून बसावे लागते का, हे विचारा. फ्रीझरला इन्व्हर्टर आहे का, हेही विचारा; मी हा प्रश्न का सुचवतो ते तुम्हाला कळले असेलच. गाइडच्या हाताखाली किती विद्यार्थी आहेत तेही पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात, आणि आठवा विद्यार्थी होणे म्हणजे काय, याची कल्पना पहिल्याला नसते.

त्याच नियमांत पीएच.डी.ची मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षे आहे, स्त्रियांना आणखी २ वर्षांची सवलत देता येते आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. लग्नाची बोलणी करणाऱ्या वडीलधाऱ्यांपुढे हे कागद ठेवा. 'शिक्षण संपल्यावर पाहू' असे मोघम सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

आता उंदरांविषयी. तुमच्या पत्रात त्या जागेबद्दल थोडा अपराधी सूर आहे, त्याची गरज नाही. पीटर डोहर्टी हे ऑस्ट्रेलियातील पशुवैद्यक. त्यांनी एडिंबरोला मेंढ्यांच्या मेंदूच्या एका विषाणुजन्य आजारावर पीएच.डी. केली आणि नंतर कॅनबेरात रोल्फ झिंकरनागेल यांच्यासह उंदरांवर काम करताना विषाणू शिरलेली पेशी शरीराच्या रक्षक पेशी कशी ओळखतात, याचा उलगडा केला. त्याबद्दल १९९६ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. विषाणू मेंढीचे काय करतो ते ज्या नजरेने पाहिले होते, त्याच नजरेने त्यांनी उंदराकडे पाहिले असावे, असा माझा तर्क आहे. जैववैद्यकीय प्रयोगशाळांना पशुवैद्यक हवा असतो तो यासाठीच. जनावर आजारी दिसते म्हणजे काय, वेदना कशी ओळखायची, शवविच्छेदनात काय पाहायचे, हे त्याला हाताने येत असते. तुम्ही गेलात, तर संस्थात्मक प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी मिळण्याआधी एकाही उंदराला हात लावू नका, मग वरिष्ठ कितीही घाई करोत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९९८ मध्ये झालेले नियम हे तुमच्या संरक्षणासाठीही आहेत. प्राण्यांऐवजी दुसरा मार्ग शोधणे, त्यांची संख्या कमी ठेवणे आणि त्यांच्या यातना कमी करणे ही रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे आहेत, आणि आपल्या देशाने त्यांत प्रयोगानंतरचे पुनर्वसन हे चौथे तत्त्व जोडले आहे. ही तत्त्वे अर्जातील रकाने भरण्यापुरती वापरणाऱ्या प्रयोगशाळेत राहू नका.

तरीही या जागेबद्दल माझा एक आक्षेप आहे. तो प्रकल्प दुसऱ्याने लिहिलेला आहे, त्यातील प्रश्न ठरलेला आहे आणि तुम्हाला तो प्रश्न छळत नाही. तसे तुमच्या पत्रात कोठेच दिसत नाही. छळत असेल, तर हा परिच्छेद विसरा आणि जा.

अमेरिकेबद्दल थोडक्यात सांगतो. तेथील जैववैद्यकीय पीएच.डी.त पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत काही आठवडे काम करून मग गाइड निवडण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. शुल्क बहुधा माफ असते, निर्वाहवेतन मिळते आणि पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो. आपल्या पदवीवर तेथे जनावरांवर उपचार करण्याचा परवाना मिळत नाही, त्यासाठी वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात. संशोधनाला मात्र ती अडचण येत नाही. परंतु तेथील अर्जात 'तुम्हाला काय शोधायचे आहे' हेच दीड-दोन पानांत लिहायचे असते आणि ते आज तुमच्याकडे नाही, म्हणून यंदा अर्जाचे पैसे वाचवा.

पैशांबाबत बाबांना खरे आकडे सांगा. केंद्र सरकारच्या विज्ञान खात्यांच्या फेलोशिपचे दर १ जानेवारी २०२३ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोला दरमहा ३७,००० आणि सीनिअरला ४२,००० रुपये असे आहेत, घरभाडे भत्ता वेगळा. ही रक्कम प्रवेशपरीक्षेतून फेलोशिप मिळवणाऱ्याला किंवा निधी असलेल्या प्रकल्पावर नेमलेल्याला मिळते. नुसत्या प्रवेशाने मिळत नाही, आणि कित्येकदा चार-चार महिने उशिरा येते. कपाशीचे पैसे हाती येईपर्यंत उधारीवर चालणाऱ्या घराला हे समजावून सांगावे लागणार नाही, परंतु त्यांना ते आधी ठाऊक असले पाहिजे.

एमपीएससीची परीक्षा तुम्ही द्या. पशुधन विकास अधिकारी होणे म्हणजे संशोधनातून पळ काढणे, असे तुमच्या पत्रात ओळींमागे लिहिलेले आहे आणि ते मला पटत नाही. २०२२ मध्ये गुरांच्या लंपी आजाराची साथ विदर्भात पसरली, तेव्हा कोणत्या गावात कोणत्या दिवशी पहिली गाठ दिसली, हे आधी कळले ते दवाखान्यातील माणसांनाच. त्यांतील ज्यांनी तारीख, वय, लसीची नोंद आणि कानातील टॅगचा बारा अंकी क्रमांक नीट लिहून ठेवला, त्यांच्या वह्या एखाद्या प्रबंधाच्या तोडीच्या आहेत. नोकरीत राहून अर्धवेळ पीएच.डी. करण्याची तरतूद नियमांत आहे. मात्र पेशी किंवा जिवाणू वाढवण्याचे काम रविवारच्या सवडीने होत नाही, त्यामुळे त्या वाटेने गेलात तर रोगप्रसाराचा, नोंदींचा, गावागावांतील तुलनेचा विषय घ्या. तुम्हाला तोच अधिक शोभेल असे मला वाटते, कारण शेजारच्या घरी जाऊन शेळीचे रक्त मागण्यासाठी जी ओळख लागते, ती बाहेरून आलेल्या शास्त्रज्ञाला मिळवता-मिळवता वर्ष जाते आणि तुमच्याकडे ती जन्मापासून आहे. माणूस आणि जनावर यांच्या आजारांचा एकत्र अभ्यास व्हावा म्हणून नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली. अशा संस्थांना पुढे जी माणसे लागतील, त्यांत गोठ्यापर्यंत पोहोचलेली माणसे हवीतच.

बाबांच्या वाक्यावर तुम्ही रागावल्या आहात, पण मला ते वाक्य अडाणीपणाचे वाटले नाही. त्यांनी तुमच्या शिक्षणाचा खर्च केला तो गावाला एक डॉक्टर मिळावी म्हणून, आणि तुम्ही उंदरांकडे गेलात तर त्यांच्या दृष्टीने तो व्यवहार अपुरा राहील. हे मान्य करून त्यांच्याशी बोला. प्रतिवाद करू नका. आणि पुढचे काही आठवडे ढेपेचा हिशेब घेण्यासाठी त्यांनाच बरोबर न्या. कोणी कोणत्या दुकानातून किती पोती उचलली, हे तुमच्यापेक्षा त्यांना लोक अधिक मोकळेपणाने सांगतील.

आता नमुन्यांचे. होय, काढा, पण मालकाला कारण सांगून, त्याच्या संमतीने आणि निकाल त्याला कळवण्याचे वचन देऊन. रक्त साध्या नळीत घ्या, गोठू द्या आणि सीरम वेगळे करूनच गोठवा. अख्खे रक्त फ्रीझरमध्ये ठेवले तर पेशी फुटून नमुना वाया जातो. त्याच शेळ्यांचे रक्त दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा घ्या, कारण एकदाच सापडलेले प्रतिपिंड (जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली रक्तातील प्रथिने) जुन्या संसर्गाचेही असू शकतात. ज्यांनी गाभ टाकला नाही अशा शेळ्यांचेही रक्त घ्या, त्याच घरांतील आणि जुनीच ढेप चारणाऱ्या घरांतीलही, कारण तेच तुमचे दुसरे आवार आहे. पुढे कोणी गाभ टाकला तर वारेचा एक तुकडा दहा टक्के फॉर्मलिनमध्ये आणि दुसरा फॉर्मलिनशिवाय, वेगळ्या डब्यात, बर्फावर ठेवून त्याच दिवशी दवाखान्यामार्फत पाठवा. उरलेली वार आणि गर्भ चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका. जुन्या व नव्या ढेपेचा नमुना कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये दमट होऊन त्यावर बुरशी तेथेच धरेल. वहीत प्रत्येक शेळीपुढे तारीख, कितवा महिना होता, कोणता बोकड, कोठून विकत घेतली आणि चारा ठेवतात तेथे मांजरांचा वावर आहे का (टॉक्सोप्लाझ्मा मांजरांमार्फत येतो), एवढे लिहा.

आणि शेजारच्या दोन्ही घरी उद्या सकाळीच जा. गाभ टाकलेली शेळी कोणी फार दिवस दावणीला ठेवत नाही. पुढच्या आठवडी बाजारात ती विकली गेली, तर तुमचा पुरावा दुसऱ्या गावाला जाईल आणि त्याच्याबरोबर आजारही.